दिल्ली-आग्रा-जयपूर-काशी: खाजगी गाडी, गाइड आणि दोन कोटेशनांमधला फरक

प्रश्न असा आहे: न्यू जर्सीहून नवरा-बायको आणि बारा व सोळा वर्षांची दोन मुलं येणार, नाशिकहून आई-बाबा दिल्लीत येऊन मिळणार. बाबांचे गुडघे दुखतात. डिसेंबरचा शेवटचा आठवडा धरून नऊ दिवस हातात आहेत. दिल्ली, आग्रा, जयपूर, वाराणसी, आणि जमलं तर हरिद्वार व अमृतसर. स्वतंत्र गाडी हवी, गाइड हवा. दोन ठिकाणांहून कोटेशन आलंय. हॉटेलं साधारण एकाच दर्जाची, तरी दुसरं कोटेशन पहिल्याच्या जवळजवळ दीडपट. दुसरा लुटतोय का?

बहुतेक नाही. मी आधी दिल्लीत गाइड होते, आता कुटुंबांच्या सहली आखून देते, त्यामुळे हा हिशेब दोन्ही बाजूंनी माहीत आहे. डिझेल, टोल, ड्रायव्हरचा भत्ता सगळ्यांना सारखाच पडतो. हॉटेलच्या दरात एजंटला थोडंफार कमी-जास्त मिळतं, पण एवढा फरक पडेल इतकं नाही. मग पहिला माणूस पैसे वाचवतो कुठे? गाइडच्या मानधनात, गाडीच्या तासांत, आणि कोटेशनमध्ये लिहिलेल्याच नाहीत अशा गोष्टींत. खाजगी सहलीत तुम्ही खरं तर वेळ विकत घेता. स्वस्त कोटेशनवाला तुमचाच वेळ परत दुकानदारांना विकतो आणि त्यातून आपली तोंडमिळवणी करतो.

हे कसं चालतं ते सांगते, कारण घरचे लोक बहुतेक वेळा ड्रायव्हरवर किंवा गाइडवर चिडतात, आणि ते दोघं या साखळीतले सगळ्यात शेवटचे असतात. आग्र्यात संगमरवरावर पच्चीकारी, म्हणजे रंगीत दगड बसवून नक्षी, करणारे कारखाने, जयपुरात रत्नं, गालिचे आणि ब्लॉक प्रिंट, काशीत बनारसी साड्या. या प्रत्येक 'एम्पोरियम'मध्ये गाडी शिरली की नोंद होते. तुम्ही काही घेतलंत तर किमतीतला चांगला मोठा वाटा गाइड, ड्रायव्हर आणि कधी कधी एजंट यांच्यात वाटला जातो. काही दुकानं तर काही घेतलं नाही तरी नुसती गाडी आणल्याबद्दल ड्रायव्हरच्या हातावर काहीतरी ठेवतात. गाइडला एजंटकडून नावापुरतं मानधन मिळत असेल तर त्याचा दिवस दुकानातच भरून निघतो. मग ताजमहाल दीड तासात उरकतो आणि 'फक्त कारागीर कसं काम करतात ते बघा, घ्यायची सक्ती नाही' असं म्हणत पुढचा दीड तास एम्पोरियममध्ये जातो. अमेरिकेहून आलेलं कुटुंब म्हटल्यावर तर विचारूच नका.

उपाय सोपा आहे, फक्त तो आधी करावा लागतो. एजंटला लेखी कळवा: 'वाटेत एकही दुकान नको. खरेदी करायची असेल तर आम्ही सांगू तेव्हा आणि सांगू तिथे.' आणि विचारा, या अटीवर दर तोच राहील का? पहिल्या एजंटने दर वाढवला तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला तिथेच मिळालं. खरेदी टाळा असं माझं म्हणणं नाही. जयपुरात राजस्थान सरकारचं 'राजस्थली' आहे, दिल्लीत बाबा खडकसिंग मार्गावर बऱ्याच राज्यांची सरकारी एम्पोरियम ओळीने आहेत. तिथे भाव लिहिलेले असतात, घासाघीस नाही. निदान किंमत काय असावी याचा अंदाज येतो. आग्र्यात 'मकराना मार्बल', म्हणजे राजस्थानातल्या मकराना गावचा संगमरवर, म्हणून मऊ दगड सर्रास विकतात. खरा मकराना नखाने ओरखडत नाही.

आता कोटेशनमधल्या भाषेकडे या. 'साइटसीइंग ऑफ कुतुबमिनार, इंडिया गेट, लाल किल्ला, हुमायूनची कबर' असं एका ओळीत लिहिलेलं असेल तर प्रत्येक नावापुढे विचारा: आत जायचं की बाहेरून? चार ठिकाणांपैकी तीन गाडीच्या काचेतून दाखवली तरी कागदावर सहल पूर्ण होते. गाडी 'डिस्पोजल'वर आहे का 'पॉइंट टू पॉइंट', हेही विचारा. डिस्पोजल म्हणजे सकाळी आठ ते रात्री आठ गाडी तुमची, कुठे थांबायचं ते तुम्ही ठरवायचं. पॉइंट टू पॉइंट म्हणजे हॉटेल ते ठिकाण आणि परत, मधे चहाला थांबायचं म्हटलं तरी कुरकुर. दिवसाला सरासरी २५० किलोमीटर धरून हिशेब असतो, तो आकडा लिहून घ्या. टोल, पार्किंग, राज्यांचा कर, ड्रायव्हरचा भत्ता आणि रात्रीचा चार्ज दरात धरलाय का हे एकेक करून विचारा. प्रवेशतिकिटं बहुतेक कोटेशनांत नसतात.

तुमच्या तारखांना आणखी एक छुपा खर्च आहे, तो म्हणजे गाला डिनर. २४ आणि ३१ डिसेंबरला बरीच मोठी हॉटेलं रात्रीचं जेवण सक्तीचं करतात आणि माणशी वेगळे पैसे लावतात. तुम्ही जेवा किंवा खोलीत झोपा, पैसे द्यावेच लागतात. सहा माणसांचा हा आकडा छोटा नसतो. चेक-इन करताना काउंटरवर भांडण नको असेल तर आत्ताच विचारा.

गाइडचं बोलू. केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाचा परवाना असलेले प्रादेशिक गाइड असतात, राज्य सरकारांचे वेगळे असतात. गळ्यात फोटोसकट ओळखपत्र असतं, ते बघायला मागण्यात काही अपमान नाही. मानधन माणसांच्या संख्येवर आणि अर्धा दिवस की पूर्ण दिवस यावर ठरतं. एकच गाइड सगळ्या सहलीभर सोबत घ्यावा का, असंही तुम्ही विचारलंय. माझ्या मते नको. त्याची हॉटेलं, जेवणं, परतीचा प्रवास तुमच्याच खिशातून जातो, गाडीतली एक जागा जाते, आणि दिल्लीचा उत्तम गाइड काशीत तुमच्याइतकाच पाहुणा असतो. गावोगावी तिथलाच गाइड घ्या, तोही रोज नाही. दिल्लीत एक पूर्ण दिवस, आग्र्यात एक, आमेरचा किल्ला (जयपूरला लागूनच आहे) आणि जयपूर शहरासाठी एक, काशीत सकाळचा अर्धा दिवस. बाकीच्या वेळी तुम्ही आपले आपण फिरा. सगळा वेळ कोणीतरी कानाशी बोलत असलं की मुलं तिसऱ्या दिवशी ऐकणं सोडतात.

मराठी बोलणारा गाइड मिळेल का? मिळाला तर नशीब, पण त्यासाठी अडून बसू नका. तुमच्याकडे आजी-आजोबांना हिंदी सोयीची आणि नातवंडांना इंग्रजी. दोन्ही भाषांत सहज जा-ये करणारा माणूस मागा आणि सहलीआधी त्याच्याशी पाच मिनिटं फोनवर बोला. मी एक परीक्षा सुचवते. त्याला विचारा, 'ताज बांधणाऱ्या कारागिरांचे हात खरंच तोडले होते का? आणि यमुनेपलीकडे काळा ताज होणार होता का?' जो दोन्ही गोष्टी रंगवून सांगेल त्याला नमस्कार करून फोन ठेवा. हात तोडल्याचा कुठलाही समकालीन पुरावा नाही. काळ्या ताजची गोष्ट तावेर्निये या फ्रेंच प्रवाशाने लिहिली, आणि पलीकडच्या मेहताब बागेत उत्खनन झालं तेव्हा तिथे दुसऱ्या कबरीचा पाया सापडला नाही, सापडलं ते मोठं तळं. हे जो सांगतो, तो बाकीचंही नीट सांगेल.

आता तुमच्या आखणीबद्दल, आणि इथे मी थोडी कडक बोलणार आहे. सहा शहरं नऊ दिवसांत होत नाहीत. एप्रिलमध्ये कदाचित रेटून झाली असती, डिसेंबरअखेर नाहीच. कारण धुकं. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत गंगा-यमुनेच्या मैदानात सकाळी असं धुकं पडतं की गाडीच्या बॉनेटपुढचं दिसत नाही. विमानं दुसरीकडे वळवतात, रेल्वेगाड्या तासन् तास उशिरा धावतात, यमुना एक्सप्रेसवेवर वेगमर्यादा खाली आणतात. तरीही दरवर्षी तिथे एकामागोमाग एक गाड्या आदळतात. माझा नियम आहे: धुक्याच्या दिवसांत सकाळी नऊच्या आधी हायवेला लागायचं नाही आणि अंधार पडायच्या आत मुक्कामी पोहोचायचं. म्हणजे प्रवासाचा दिवस आठ तासांचा. ड्रायव्हर 'साहेब, काही होत नाही' म्हणेल. त्याचं ऐकू नका.

अमृतसर दिल्लीपासून साडेचारशे किलोमीटरवर आहे, हरिद्वार सव्वादोनशेवर, दोन्ही जयपूरच्या उलट दिशेला. ती वेगळ्या सहलीची ठिकाणं आहेत. यातून वगळा. उरलेली चार शहरं अशी लावा: दिल्लीत दोन रात्री, मग जयपूर दोन, आग्रा दोन, काशी दोन. सगळे दिल्ली-आग्रा-जयपूर-दिल्ली असा त्रिकोण विकतात. पण तुम्हाला पुढे काशीला जायचंय, तेव्हा जयपूर आधी केलं की दिल्लीला परत यायचा एक दिवस वाचतो. जयपूर ते आग्रा साधारण २४० किलोमीटर, वाटेत आभानेरीची चांद बावडी आणि फत्तेपूर सिक्री. आग्र्याहून वाराणसीला २०२४ पासून वंदे भारत आहे. ती कुठल्या वारी धावत नाही ते बघून आरक्षण करा. काशीहून परत विमानाने.

बंद दिवस ही दुसरी अडचण. ताजमहाल शुक्रवारी बंद. लाल किल्ला सोमवारी बंद, अक्षरधाम आणि लोटस टेंपलही सोमवारी. सारनाथचं संग्रहालय शुक्रवारी बंद. आग्र्यात दोन रात्री ठेवायला मी म्हणते त्याचं एक कारण हेच की, शुक्रवार आडवा आला तर तो दिवस किल्ल्याला आणि मेहताब बागेला देता येतो.

दिल्लीत विमानातून उतरल्या दिवशी काही ठेवू नका, मुलं दुपारी तीनला झोपणार आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी हुमायूनची कबर बघा. लोक हिला गाळतात, का ते मला कधी कळलं नाही. १५७० च्या सुमाराला पूर्ण झालेली ही बागेतली भव्य कबर म्हणजे ताजच्या आधीचं पाऊल आहे. ही आधी बघितली की, आग्र्यात ताजसमोर उभं राहिल्यावर मुलांना स्वतःच दिसतं की घुमट कसा बदलला, लाल दगडाच्या जागी पांढरा कसा आला. तिथलं नवं संग्रहालय २०२४ मध्ये उघडलं, बाहेर थंडी-धुकं असेल तर तिथे एक तास छान जातो. दुपारी जुनी दिल्ली. चांदणी चौकाचा मुख्य रस्ता सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारींना बंद असतो, तेव्हा गाडी बाहेर सोडून सायकलरिक्षा करा. आई-बाबांनाही तीच बरी. हिवाळ्यात तिथे 'दौलत की चाट' मिळते, दुधाच्या फेसाची. काशीत तशीच 'मलइयो' मिळते. दोन्ही थंडी संपली की गायब, म्हणून आवर्जून खा. संध्याकाळी कुतुबमिनार जमला तर जमला. नाही जमला तरी रडायचं नाही.

जयपूरला मी फार शब्द घालत नाही, ते शहर सहज बघून होतं. आमेर, हवामहल, जंतरमंतर, नाहरगढ आणि अल्बर्ट हॉल यांचं एकत्र तिकीट मिळतं, दोन दिवस चालतं. सिटी पॅलेसचं वेगळं. जंतरमंतरला मात्र गाइड हवाच. तिथलं सम्राट यंत्र, म्हणजे दगडी सूर्यघड्याळ, सत्तावीस मीटर उंच आहे, त्याची सावली डोळ्यांदेखत सरकते, आणि दोन सेकंदांपर्यंतची वेळ त्यावर वाचता येते. समजावून सांगणारा नसेल तर मुलांना ती नुसती घसरगुंडी वाटते. आणि ऊन असेल तेव्हाच जा. आमेरला हत्तीवरून जाऊ नका. प्राण्याचे हाल होतात, शिवाय सकाळचा तास रांगेत जातो. जीपने वर जा, बाबांच्या गुडघ्यांनाही तेच सोयीचं. आमेरला पोहोचलात की नातवंडांना आजोबांकडून सांगायला लावा की १६६५ मध्ये पुरंदरचा तह करून घेणारे मिर्झाराजे जयसिंग ते इथल्याच राजघराण्यातले. इथून गोष्ट सुरू झाली की ती पुढे आग्र्यात आपोआप पोहोचते.

फत्तेपूर सिक्रीला एक सावधगिरी. गाव यायच्या आधीच रस्त्यावर माणसं हात करून गाडी थांबवतात, 'पार्किंग इथेच, गाडी पुढे जात नाही' म्हणतात, आणि काचेतून ओळखपत्रासारखं काहीतरी दाखवतात. यांना तिकडे 'लपके' म्हणतात. ड्रायव्हरला आधीच सांगा की अधिकृत पार्किंगशिवाय कुठेही थांबायचं नाही. पार्किंगपासून वर बस जाते. बुलंद दरवाजाच्या पायऱ्या फार उंच आहेत, बाबांना त्या चढायला लावू नका, राजवाड्याच्या बाजूने आत जा. दर्ग्यात चादर आणि धाग्याच्या नावाखाली हजारांच्या गोष्टी होतात. नम्रपणे हात जोडा आणि पुढे चला.

ताजबद्दल सगळे सांगतात, 'सूर्योदयाला जा.' ऑक्टोबरात, फेब्रुवारीत जरूर जा. तुमच्या तारखांना सूर्योदयाला गेलात तर सहा माणसं थंडीत कुडकुडत पांढऱ्या भिंतीकडे बघत उभी राहतील. आणि ती भिंत ताजची नसेल, धुक्याची असेल. तिकीट तीन तासांसाठी असतं, धुकं उठेपर्यंत ते संपतं. धुक्याच्या दिवशी साडेदहा-अकराला आत जा, किंवा दुपारी दोनला. त्या आठवड्यात गर्दी प्रचंड असते हे खरं, पण निदान ताज दिसतो. गाइडला सकाळी सात वाजता फोन करून बाहेर काय दिसतंय ते विचारा आणि मग वेळ ठरवा. एवढी लवचीकता मिळावी म्हणून तर खाजगी सहल करतात.

पूर्व दरवाजाने जा. शिल्पग्रामच्या पार्किंगला गाडी सोडावी लागते, तिथून बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या असतात. आई-बाबांसाठी चाकाची खुर्ची सांगून ठेवता येते. तिकीट ऑनलाइन काढा: भारतीयांना ५० रुपये, मुख्य कबरीच्या चौथऱ्यावर जायचं तर आणखी २००. परदेशी नागरिकांना ११०० आणि वर २००. पंधरा वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत, म्हणजे तुमच्या धाकट्याला काही लागणार नाही. तुम्हा दोघांकडे आणि थोरल्या मुलाकडे अमेरिकन पासपोर्ट असले तरी ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं कार्ड) असेल तर भारतीय दर लागतो, मात्र मूळ कार्ड खिशात हवं, फोनमधला फोटो चालेलच असं धरू नका. खाऊ, सुपारी-तंबाखू, ट्रायपॉड, चाकू काही आत नेऊ देत नाहीत. आजोबांच्या खिशातला अडकित्ता हॉटेलवरच ठेवा. हसू नका, दर हिवाळ्यात एक तरी अडकित्ता दरवाजावर अडकतो.

आणि आग्र्याचा किल्ला. इथे मराठी कुटुंबाला गाइड बहुतेक अर्धवट माहिती देतो. त्याच्या पाठांतरात अकबर, शाहजहान आणि 'इथे बसून तो ताज बघायचा' एवढंच असतं. शिवाजी महाराजांबद्दल विचारलंत तर बोट दाखवून 'इसी किले में कैद थे' म्हणेल. तसं नाही. महाराज १२ मे १६६६ ला औरंगजेबाच्या वाढदिवसाच्या दरबारासाठी या किल्ल्यात आले, तिथे अपमान झाला, आणि त्यानंतर ते नजरकैदेत होते ते किल्ल्याबाहेर, जयसिंगांचा मुलगा रामसिंग याच्या छावणीजवळ. १७ ऑगस्टला ते तिथून निसटले. हे सगळं आपल्याला रामसिंगाच्या माणसांनी त्या दिवसांत आमेरला पाठवलेल्या राजस्थानी पत्रांमधून बारीक तपशिलासकट कळतं. म्हणजे जयपूर आधी बघितलं ते इथे उपयोगी पडतं. किल्ल्याच्या अमरसिंग दरवाजासमोर महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे, तिथे गाडी थांबवायला आधीच सांगून ठेवा, नाहीतर ड्रायव्हर सरळ पार्किंगला नेतो. बुकिंग करतानाच एजंटला लिहा: 'गाइडने १६६६ ची तयारी करून यावं.' चांगले गाइड अशा निरोपाने खूश होतात, रोज तेच तेच सांगून त्यांनाही कंटाळा आलेला असतो.

जयपूर-आग्रा रस्त्यावर भरतपूर लागतं. पानिपतानंतर, १७६१ मध्ये, उत्तरेतून परतणाऱ्या जखमी, उपाशी मराठ्यांना सूरजमल जाटाने आसरा दिला तो याच राज्यात. आजोबांना इतिहासाची आवड असेल तर सिक्री गाळून भरतपूरला थांबा, केवलादेवच्या पाणथळीत हिवाळ्यात पक्षीही भरपूर असतात. सायकलरिक्षावाले तिथले पक्षी नावानिशी ओळखतात. मुलांना सातव्या किल्ल्यापेक्षा हे आवडेल.

काशीत खाजगी गाडीचा जवळजवळ काहीच उपयोग नाही. घाटांकडे आणि विश्वनाथाकडे जाणारे रस्ते गाड्यांना बरेचदा बंद असतात, गोदौलिया चौकात उतरून चालावं लागतं. एजंट तिथेही पूर्ण दिवसाची गाडी लावत असेल तर ती काढून टाका. विमानतळ, स्टेशन आणि सारनाथ एवढ्यासाठी गाडी, बाकी रिक्षा आणि होडी. घाटावरच्या हवेलीतल्या हॉटेलांचे फोटो फार सुंदर असतात, पण सामान हमालाकडून गल्लीतून न्यावं लागतं आणि वर पायऱ्याच पायऱ्या. बाबांसाठी गाडी दारापर्यंत जाईल असं हॉटेल बघा, आणि खोलीत हीटर आहे का ते विचारा. उत्तरेतल्या मध्यम हॉटेलांत तो मागितल्याशिवाय मिळत नाही, कधी कधी त्याचे वेगळे पैसे घेतात.

सकाळची होडी धुक्यातही चालते, पण थोडं उजाडल्यावर काढा. नावाडी घाटांची नावं घेत जाईल. त्यात दशाश्वमेध पेशव्यांच्या काळात बांधलेला, भोसले घाट नागपूरकरांचा, सिंधिया घाट म्हणजे आपले ग्वाल्हेरचे शिंदे, आणि त्याच्याच पायथ्याशी कललेलं रत्नेश्वराचं देऊळ. आजचं विश्वनाथाचं मंदिर १७८० मध्ये अहिल्याबाईंनी उभारलेलं. त्यांच्या नावाचा घाटही आहे. आई-बाबांसाठी नाशिकहून काशीला येणं म्हणजे काय, ते मी तुम्हाला सांगायला नको. विश्वनाथाच्या दर्शनाला फोन आत नेऊ देत नाहीत, हॉटेलवर ठेवून जा. सुगम दर्शनाचं, म्हणजे पैसे भरून लवकर दर्शनाचं, तिकीट मंदिर न्यासाकडूनच काढा. गल्लीत 'लवकर दर्शन करून देतो' म्हणणाऱ्याच्या मागे जाऊ नका. काही विधी करायचे असतील तर मराठी गुरुजी काशीत आहेत. ते नाशिकहूनच ओळखीतून ठरवून, दक्षिणा बोलून या.

गाडीचं राहिलं. सहा माणसं आणि अमेरिकेच्या बॅगा म्हणजे एर्टिगा नाही. सीएनजी असेल तर टाकी डिकीतली जागा खाते. इनोव्हा क्रिस्टा घ्या, वर कॅरिअर लावून. सामान फारच असेल तर टेम्पो ट्रॅव्हलर. गाडी बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचं सगळ्यात नवं मानक) आहे याची खात्री करा, दिल्लीची हवा बिघडली की बीएस-४ डिझेल आणि बीएस-३ पेट्रोल गाड्यांवर बंदी येते, आणि ती नेमकी याच महिन्यात येते. ड्रायव्हर रात्री कुठे झोपणार हे विचारा. हॉटेलात त्याची सोय नसेल तर तो जानेवारीच्या थंडीत गाडीत झोपतो आणि दुसऱ्या दिवशी तुमचं कुटुंब त्याच्या हातात असतं. त्याला दिवसाला तीनशे ते पाचशे बक्षिशी धरा आणि ती शेवटच्या दिवशी एकदम द्या. धाब्यावर त्याला फुकट जेवण मिळतं म्हणून तो ठरावीक ठिकाणीच थांबवतो. तुम्हाला ते आवडलं नाही तर स्पष्ट सांगा, पण मग त्याच्या जेवणाचे पैसे तुम्ही द्या.

दोन्ही एजंटांना आता एकच मेल पाठवा: दुकानं नकोत, गाडी डिस्पोजलवर, कुठे आत आणि कुठे बाहेरून, चारही गावी परवानाधारक गाइड मानधनासकट, गाला डिनर, टोल-पार्किंग, जीएसटी धरून की सोडून, आणि धुक्यामुळे रेल्वे किंवा विमान रद्द झालं तर हॉटेलचे पैसे किती परत. उत्तरं आल्यावर दोन्ही दर पुन्हा शेजारी ठेवा, माझा अंदाज आहे की फरक दीडपट राहणार नाही. पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नका. काही भाग बुकिंगला, काही दिल्लीत गाडी दारात आल्यावर, उरलेली आग्र्यात. आणि काशीहून दिल्लीला येणारं विमान अमेरिकेच्या उड्डाणाच्या आदल्या दिवशीचं घ्या, तेही दुपारचं. सकाळची विमानं वाराणसीत धुक्यापायी अडकतात.